वाळवंटातला कोल्हा : कीर्ती आणि हिशेब

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. बुरूज होतात, दरवाजा होतो, उतारावर अळीव पेरले जातात, मावळे ओळीने उभे राहतात. पण किल्ल्यावर धान्याचे कोठार हवे, हे क्वचितच कोणा मुलाच्या ध्यानात येते. मुलांना दोष कशाला द्यावयाचा? सेनापतींची चरित्रे आवडीने वाचणारी आपण मोठी माणसेही तलवार तेवढी पाहतो, कोठाराकडे पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सेनापती एर्विन रोमेल याची कीर्ती तपासावयास बसले की हे फार जाणवते.

‘वाळवंटातला कोल्हा’ म्हणून तो जगाला ठाऊक आहे. धाडसी, कल्पक, सैनिकांत मिसळणारा आणि हिटलरच्या छायेत राहूनही सभ्य, असे त्याचे चित्र आपल्या मनात असते. हे चित्र कितपत खरे?

प्रथम त्याचे जे आहे ते त्याच्या पदरात घालू. १९१७ साली इटलीच्या डोंगरांत या तरुण अधिकाऱ्याने मोजक्या तुकड्यांनिशी हजारो सैनिक कैद केले आणि प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळवला. १९४० साली फ्रान्समध्ये त्याच्या सातव्या पँझर डिव्हिजनची चाल इतकी वेगवान होती की ती कोठे आहे हे कधी कधी खुद्द जर्मन वरिष्ठांनाही कळत नसे. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी तो त्रिपोलीला उतरला तो मोडलेल्या इटालियन सैन्याला सावरण्यासाठी. पण एप्रिलमध्ये त्याने इंग्रजांना ईजिप्तच्या सरहद्दीपर्यंत मागे रेटले होते. टोब्रुक बंदर तेवढे त्याच्या हाती लागले नाही.

मे १९४२ मध्ये गझालाच्या लढाईत तो शत्रूच्या सुरुंगक्षेत्राला दक्षिणेकडून वळसा घालून मागे शिरला आणि तेथेच कोंडला गेला. पेट्रोल आणि पाणी संपत आले. दुसरा कोणी खचला असता. हा स्वतः पुरवठ्याच्या मोटारींना वाट दाखवीत घेऊन आला, सुरुंगांतून मागे मार्ग पाडला आणि हरत आलेली लढाई जिंकली. रणांगणावर त्या क्षणी काय करावे, हे ओळखण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते.

त्यानंतर पडले ते टोब्रुक. हे नाव मराठी माणसाने तरी विसरू नये. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने तटबंदीच्या आग्नेय बाजूवर विमाने, तोफा आणि रणगाडे एकवटले. त्या बाजूला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण उभी होती. सुरुंगक्षेत्र विरळ झालेले, रणगाडाविरोधी तोफा अपुऱ्या, आणि समोर सगळा पँझर लोंढा. पलटण चिरडली गेली. संध्याकाळी जर्मन बंदरात होते आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ३३,००० सैनिक शरण गेले. २२ जूनला रोमेल फील्डमार्शल झाला. त्याच्या सर्वांत मोठ्या विजयाचा पहिला घाव सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी अंगावर घेतला होता. त्याच्या चरित्रांत त्यांना सहसा एखादे वाक्य मिळते.

आता हिशेबाकडे वळू. टोब्रुक घेतल्यावर थांबावयाचे आणि आधी माल्टा बेट जिंकावयाचे, असे ठरले होते. कारण भूमध्य समुद्रातून जाणाऱ्या रसदेवर त्या बेटावरून घाला पडत असे. केसरलिंगसारखा वरिष्ठ अधिकारी हेच सांगत होता. रोमेलला मात्र कैरो दिसत होते. त्याने हिटलर आणि मुसोलिनी यांना वळवले आणि तो पुढे निघाला. एल अलामेनला पोचला तेव्हा त्याचे मोठे बंदर त्रिपोली दोन हजार किलोमीटरांहून मागे राहिले होते. पेट्रोल वाहणाऱ्या मोटारीच वाटेत पेट्रोल पीत होत्या. इंग्रजांचे अलेक्झांड्रिया बंदर त्यांच्या मोर्चापासून शंभरएक किलोमीटरांवर होते. रसद तुटलेल्या सैन्याचे काय होते, हे पानिपत ज्यांच्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

रोमेलचे चाहते म्हणतात, वरिष्ठांनी त्याला पेट्रोल दिले नाही. तक्रार खोटी नाही. पण अर्धी आहे. जे मिळणार नाही हे ठाऊक आहे त्याच्या भरवशावर मोहीम आखणारा सेनापती नुसता दुर्दैवी म्हणता येत नाही. हा दोष तसा जुनाच होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये मुख्य लढाई अर्धवट टाकून तो सरहद्दीच्या तारांकडे धावला, रात्री शत्रूच्याच मुलखात अडकून पडला, आणि मागे त्याच्या कचेरीला आपला सेनापती कोठे आहे याचा पत्ता नव्हता.

शिवाय त्याच्या ‘अंतर्ज्ञाना’मागे एक साधी गोष्ट होती. कैरोतील अमेरिकन लष्करी प्रतिनिधी वॉशिंग्टनला पाठवी ते सांकेतिक अहवाल शत्रूला उलगडता येत होते. इंग्रजांचे बेत रोमेलला असे घरबसल्या कळत. जून १९४२ अखेर ही वाट बंद झाली, आणि जुलैत त्याची रेडिओ ऐकणारी तुकडीही पकडली गेली. त्यानंतर कोल्ह्याचे नाक पूर्वीसारखे तीक्ष्ण राहिले नाही.

मग एवढी कीर्ती आली कोठून? गोबेल्सच्या प्रचारखात्याने त्याला नायक केला, हे खरेच. पण अधिक काम केले ते शत्रूने. जानेवारी १९४२ मध्ये चर्चिलने पार्लमेंटात त्याला थोर सेनापती म्हटले. सैनिक रोमेलला जादूगार समजू लागले आहेत, ते थांबवा, असे पत्र ऑकिन्लेकला आपल्या अधिकाऱ्यांना लिहावे लागले. हरणाऱ्याला शत्रू असामान्य असलेला परवडतो. त्यात स्वतःच्या चुका झाकल्या जातात. पुढे १९५० साली डेस्मंड यंगने त्याचे चरित्र लिहिले. हा यंग हिंदी सैन्यातला ब्रिगेडियर, १९४२ साली आफ्रिकेतच जर्मनांच्या कैदेत पडलेला. पुस्तकाला प्रस्तावना ऑकिन्लेकची! १९५१ साली चित्रपट आला आणि आख्यायिका पक्की झाली. पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य उभारावयाचे होते. त्यासाठी एक सभ्य जर्मन सेनापती सर्वांनाच हवा होता.

सभ्यतेचे काय? पकडलेल्या कमांडोंना ठार मारण्याचा हिटलरचा हुकूम त्याने पाळला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण तो हिटलरच्या मर्जीने वर चढला, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्याच्या सैन्यामागून ईजिप्त व पॅलेस्टाइनमध्ये शिरावयास ज्यूंच्या कत्तलीचे काम नेमलेली एस. एस. ची एक तुकडी सज्ज होत होती. तिचा हेतू फसला, कारण रोमेल अलामेनला हरला. ज्याचे युद्ध ‘स्वच्छ’ राहण्यास त्याचा पराभव कारण झाला, त्याला स्वच्छतेचे श्रेय किती द्यावे? १४ ऑक्टोबर १९४४ रोजी, हिटलरविरुद्धच्या कटाच्या संशयावरून, त्याला विष घ्यावयास भाग पाडले आणि मग सरकारी इतमामाने त्याची अंत्ययात्रा काढली. या शेवटाने मन हेलावते. परंतु करुण मृत्यू म्हणजे काही मागच्या हिशेबाची फेड नव्हे.

माझ्यापुरता निर्णय असा : रोमेल लढाईचा उत्कृष्ट नेता होता, मोहिमेचा थोर सेनापती नव्हता. डिव्हिजन त्याच्या हाती द्यावी, आघाडी देऊ नये. अलामेनच्या माघारीत मोटारी नसलेले हजारो इटालियन पायदळ सैनिक वाळवंटात मागे राहून शत्रूच्या हाती पडले. ते पायी किती लांब चालू शकतील, हा हिशेब कैरोकडे निघण्यापूर्वी करावयाचा होता, आणि तो करणे त्याचेच काम होते.