सागरी पर्यावरण संशोधनाची शासकीय अनुदाने आणि तापी खोरे : एक चिकित्सा

प्रस्तावना

खानदेशला समुद्र नाही. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र वा भूगोल विभागाने किनारी व सागरी पर्यावरणाच्या संरक्षणासाठी संशोधन अनुदान मागावे, ही कल्पनाच पुष्कळांना विसंगत वाटेल. परंतु मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते आणि तिच्या वाटेचा मोठा भाग खानदेशातून जातो. पूर्वी खानदेशचा कापूस व कापड याच खोऱ्याच्या वाटेने सुरतेच्या बंदराकडे जात असे. आज त्या दिशेने शेतातील खत, गावांचे सांडपाणी आणि पावसाळ्यातील गाळ जातो. समुद्राचे आरोग्य ज्यावर अवलंबून आहे त्याचा उगम किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असतो. मात्र त्याच्या अभ्यासासाठी दिले जाणारे सार्वजनिक धन बहुतांशी किनाऱ्यावरच थांबते. या विसंगतीची चिकित्सा करणे व तिला आपण अभ्यासकही काही अंशी कसे जबाबदार आहोत हे पाहणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी हेतू आहे.

१. अनुदानाची चौकट

भारतात महासागर विकास विभागाची स्थापना १९८१ मध्ये झाली. २००६ पासून हे काम पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे. किनाऱ्यालगतच्या सागरी पाण्यातील प्रदूषणाचे नियमित मापन १९९०-९१ च्या सुमारास सुरू झाले आणि चेन्नई येथे १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रकल्प संचालनालयाचे पुढे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रात रूपांतर झाले. पर्यावरण मंत्रालयाने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूस ५०० मीटर ही या अधिसूचनेची मुख्य मर्यादा. तिच्या २०११ व २०१९ मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. भरतीचा प्रभाव असलेल्या खाड्यांच्या काठची मर्यादा पूर्वी १०० मीटर होती, ती २०१९ मध्ये ५० मीटरवर आली.

निधीही याच चौकटीत वाहत गेला. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१० मध्ये सुरू झालेला एकात्मिक किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्रकल्प गुजरात, ओडिशा व पश्चिम बंगाल या तीन राज्यांत राबविला गेला. गुजरातमधील त्याचे क्षेत्र कच्छचे आखात होते. तापी जेथे समुद्राला मिळते तो खंभातच्या आखाताचा परिसर नव्हे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष व त्यानंतर कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झाले. सिंधुदुर्गात आंतरराष्ट्रीय निधीतून सागरी जैवविविधतेचे काम झाले. २०२१ मध्ये केंद्राने खोल सागर मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली.

या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कांदळवनांना मिळालेले कायदेशीर संरक्षण आणि सागरी निरीक्षणाची दीर्घ नोंद या खऱ्या उपलब्धी आहेत. आक्षेप आहे तो त्यामागील व्याख्येविषयी. नव्या मोजणीनुसार देशाच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ किलोमीटरवर गेली. किनाऱ्यातील लहानसहान वळणे अधिक बारकाईने मोजल्याने ही वाढ झाली. किनाऱ्याची लांबी अशी सूक्ष्मपणे तपासली गेली. परंतु त्याची खोली, म्हणजे जमिनीच्या आत तो कोठवर पोहोचतो हा प्रश्न, अनुदानाच्या धोरणात फारसा विचारला गेला नाही.

२. समुद्राला काय मिळते

सागरी प्रदूषणाचा मुख्य उगम जमिनीवर आहे, ही गोष्ट नवी नाही. १९८२ च्या सागरी कायदाविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या २०७ व्या कलमात जमिनीवरील स्रोतांमध्ये नद्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या १९९० च्या अंदाजानुसार सागरी प्रदूषणापैकी सुमारे ४४ टक्के जमिनीवरून वाहून जाणाऱ्या व सोडल्या जाणाऱ्या पाण्यातून येते आणि सुमारे ३३ टक्के वातावरणातून. जहाजवाहतुकीचा वाटा त्या मानाने बराच कमी, सुमारे १२ टक्के. शाश्वत विकासाच्या चौदाव्या ध्येयातील पहिलेच लक्ष्य २०२५ पर्यंत, विशेषतः जमिनीवरील व्यवहारांमुळे होणारे, सागरी प्रदूषण लक्षणीय प्रमाणात घटविण्याचे होते आणि त्यात पोषकद्रव्यांच्या प्रदूषणाचा वेगळा निर्देश होता.

हे तत्त्व तापीला लावून पाहिले असता प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. तापी खोऱ्याचे क्षेत्रफळ ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ७९ टक्के महाराष्ट्रात, ९,८०४ मध्य प्रदेशात आणि केवळ ३,८३७ चौरस किलोमीटर, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी, गुजरातमध्ये आहे. नदीमुख ज्या राज्यात आहे त्याच्याकडे खोऱ्याचा सर्वांत लहान भाग आणि खोरे ज्या राज्यात आहे त्याच्याकडे नदीमुख नाही. महाराष्ट्राचे किनारी धोरण कोकणाकडे पाहते, गुजरातचे आपल्या किनाऱ्याकडे. विदर्भातील पूर्णेपासून खानदेशातील वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या उपनद्यांपर्यंतचा सारा प्रदेश दोन्ही दृष्टींच्या बाहेर राहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे, म्हणजे देशात सर्वाधिक, महाराष्ट्रातील होते आणि त्यांत तापी व गिरणा यांचाही समावेश होता. परंतु नदी संवर्धनाचे काम २०१९ पासून जलशक्ती मंत्रालयाकडे आहे, किनारी नियमन पर्यावरण मंत्रालयाकडे आणि सागरी निरीक्षण पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे. पाणी एकच असले तरी त्याच्या अभ्यासाचे अर्ज तीन दारांत करावे लागतात.

३. उकाई धरणाचा आक्षेप

वरील प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. तापीवर १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण खानदेश आणि समुद्र यांच्या मध्ये उभे आहे. त्याच्या वरच्या बाजूस हतनूर धरण आणि सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील बंधारे आहेत. खानदेशातून निघालेला गाळ जर या जलाशयांतच बसत असेल, तर खानदेशाचा सागरी पर्यावरणाशी संबंध उरतो कोठे?

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. पण तोच या संशोधनाची गरज सिद्ध करतो. गाळ अडणे ही किनाऱ्याच्या दृष्टीने तटस्थ घटना नव्हे. नदीमुखाजवळची चिखलमैदाने आणि कांदळवने नदीने आणलेल्या गाळावर पोसली जातात. तो घटला की लाटा व भरती यांपुढे किनारा झिजण्याचा धोका वाढतो. दुसरे असे की गाळ बसतो, पण पाण्यात विरघळलेली नायट्रेटसारखी द्रव्ये त्याच प्रमाणात बसत नाहीत. त्यांतील काही जलाशयातील वनस्पती शोषून घेतात, काही पुढे जातात. तिसरे असे की महापुरात धरणाचे वर्तन बदलते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या प्रचंड विसर्गाने सुरत शहर पाण्याखाली गेले, तेव्हा वरचे खोरे व किनारा यांतील अंतर काही दिवसांपुरते जवळजवळ नाहीसे झाले होते. किती अडते, किती पुढे जाते आणि केव्हा जाते, हे प्रश्न केवळ सुरतेच्या टोकाला बसून सुटणारे नाहीत. जलाशयात येणारे पाणी ज्याने मोजले नाही, त्याला बाहेर पडलेल्या पाण्याचा अर्थ लावता येणार नाही.

४. आपल्या संशोधनाची उणीव

येथे आपल्याकडेही वळून पाहणे आवश्यक आहे. खानदेशातील महाविद्यालयांतून नद्या व जलाशयांवर पुष्कळ निबंध प्रसिद्ध झाले आहेत. त्यांची सर्वसाधारण रीत ठरलेली आहे : तीन-चार स्थाने, बारा महिने, महिन्याला एक नमुना, आणि सामू, विद्राव्य ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट यांचे तक्ते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी निबंधांच्या संख्येला गुण दिल्यानंतर ही रीत अधिकच रूढ झाली.

या तक्त्यांत द्रव्याची संहती असते, भार नसतो. संहती म्हणजे एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम. भार म्हणजे दिवसाला किती टन. समुद्राला भार मिळतो. उदाहरणादाखल केवळ हिशेबासाठी आकडे घेऊ. उन्हाळ्यात विसर्ग सेकंदाला २० घनमीटर आणि नायट्रेट लिटरला २ मिलिग्रॅम असेल, तर दिवसाचा भार सुमारे ३.५ टन होतो. पुरात विसर्ग ५,००० घनमीटर आणि संहती निम्मी, म्हणजे १ मिलिग्रॅम झाली, तरी भार ४३२ टन होतो. तक्ता पाहणारा म्हणेल की पावसाळ्यात पाणी सुधारले. प्रत्यक्षात खालच्या बाजूस सव्वाशे पट द्रव्य गेलेले असते. महिन्यातून एकदा, बहुधा पाणी ओसरल्यावर, सोयीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात हे कधीच दिसणार नाही.

विसर्गाची माहिती मिळत नाही, ही सबबही आता पुरेशी नाही. केंद्रीय जल आयोगाची बऱ्हाणपूर, गिधाडे, सारंगखेडा आदी ठिकाणी मापन केंद्रे असून तापी खोऱ्याची आकडेवारी अभ्यासकांना उपलब्ध होते. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात विश्वास काळे यांनी तापी व नर्मदा यांच्या महापुरांवर केलेले काम आपल्यासमोर आहे. वर्षभराच्या प्रवाहापेक्षा मोजके मोठे पूर या नद्यांच्या घडणीत किती निर्णायक ठरतात, हे त्यातून दिसते. त्या दृष्टीची सांगड आपल्या रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांतील तपासणीशी घातली गेली नाही. अशा स्थितीत अनुदान देणाऱ्या यंत्रणेने आपले काम सागरी प्रश्नाशी संबंधित नाही असे म्हटले, तर त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही.

५. अनुदान कोणाला आणि कसे

मात्र या उणिवेचे एक कारण अनुदानाच्या रचनेतही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु संशोधन प्रकल्प योजना हा ग्रामीण महाविद्यालयांतील शिक्षकांचा मुख्य आधार होता. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, २०१७ च्या सुमारास, ती वाट बंद झाली. जी अनुदाने मिळत होती, तीही थोड्या मुदतीची होती. दोन पावसाळ्यांत नदीचा स्वभाव कळत नाही.

मोठी अनुदाने मोठ्या संस्थांकडे जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये जलशक्ती मंत्रालयाने महानदी, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी व पेरियार या सहा नद्यांच्या खोऱ्यांच्या स्थितीचा अभ्यास व व्यवस्थापन आराखडा यांचे काम बारा तांत्रिक व संशोधन संस्थांकडे सोपविले. खोरे हा अभ्यासाचा घटक मानला गेला, हे या निर्णयाचे मोठे यश होय. परंतु तापी त्या सहांत नाही आणि त्या बारांत एकही महाविद्यालय नाही. मर्यादित निधी सुसज्ज प्रयोगशाळांनाच द्यावा, या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि पुराच्या रात्री पाण्याचा नमुना घ्यायला दूरच्या शहरातून पथक वेळेवर पोहोचत नाही. भुसावळ, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा येथील महाविद्यालये नदीच्या जवळ आहेत, त्यांच्याकडे प्रशिक्षित शिक्षक आहेत आणि दरवर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी येते. सूक्ष्म विश्लेषण मोठ्या संस्थेने करावे, नियमित व पूरकालीन नमुने महाविद्यालयांनी घ्यावेत, ही विभागणी खर्चाच्या दृष्टीनेही किफायतशीर आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, किनारी संशोधनाच्या अनुदानासाठी पात्रता ठरविताना किनारी जिल्हा हा निकष न ठेवता समुद्राला मिळणाऱ्या नदीचे संपूर्ण खोरे ग्राह्य धरावे. दोन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्था, सुरतेतील विद्यापीठीय विभाग आणि खानदेशातील महाविद्यालये यांचे संयुक्त प्रस्ताव मागवावेत. त्यामुळे राज्यांची सीमा अभ्यासाची सीमा ठरणार नाही. तीन, रक्कम लहान असली तरी चालेल, पण मुदत किमान पाच पावसाळ्यांची असावी. चार, जमा झालेली आकडेवारी सर्वांना खुली करणे बंधनकारक असावे.

पाचवी सूचना शासनासाठी नाही. विसर्गाची नोंद नसलेला नदीविषयक निबंध आपल्या विभागांनी व नियतकालिकांनी यापुढे अपूर्ण समजावा. यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. सारंगखेड्याहून तापी पुढे काय घेऊन जाते, याचे विश्वसनीय उत्तर टनांत देता आले, तर खानदेशाचा समुद्राशी काय संबंध, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारणार नाही. ते उत्तर देता येईपर्यंत मात्र अनुदान नाकारणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे असूनही खोडता न येणारे राहील.