तथ्य आणि अभिज्ञान : जाप्रिझोच्या कादंबरीतील शोधाचे स्वरूप

नाहीशा झालेल्या प्रियकराचा शोध हा विषय रहस्यकथेहून पुष्कळ जुना आहे. वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंती जे करते, ते आजच्या परिभाषेत तपासच होय. अर्धे वस्त्र फाडून घेऊन निघून गेलेल्या नलाला उद्देशून रचलेली वचने ती ब्राह्मणांकरवी देशोदेशी उच्चारविते. त्यांना उत्तर देणारा विरूप सारथी आढळल्याचे पर्णादाकडून कळताच ती दुसऱ्या स्वयंवराचा बहाणा करते. त्याच्या हातचे अन्न चाखून पाहते, दासीला पाळतीवर ठेवते, आणि मुलांना पाहून त्याचे डोळे भरून येतात की नाही, याचीही परीक्षा घेते. अनुमान, सापळा, साक्ष आणि चाचणी ही तपासाची चारही अंगे येथे सिद्ध आहेत. मात्र या तपासाचे साध्य नलाचा ठावठिकाणा हे नसून त्याची ओळख हे आहे. नलाने आपले रूप पुन्हा धारण केल्यावाचून उपाख्यानाला पूर्णता येत नाही.

तथ्य आणि अभिज्ञान यांच्यातील हा भेद ध्यानात घेऊन सेबास्तियँ जाप्रिझो (१९३१–२००३) या फ्रेंच लेखकाची १९९१ साली प्रसिद्ध झालेली, आणि त्याच वर्षी आंतेरालिए पारितोषिक मिळविणारी कादंबरी वाचली, तर तिचे वेगळेपण स्पष्ट होते. ‘वाङ्निश्चयाचा एक प्रदीर्घ रविवार’ असा तिच्या शीर्षकाचा अर्थ होतो. झाँ-बातिस्त रोसी या आपल्या मूळ नावातील अक्षरांची फिरवाफिरव करून जाप्रिझो हे टोपणनाव घेणारा हा लेखक रहस्यकथाकार म्हणूनच ख्यातनाम होता. ‘सिंड्रेलासाठी सापळा’ या त्याच्या पूर्वीच्या कादंबरीतही स्मृती हरपलेली तरुणी केंद्रस्थानी होती. तेथे स्मृतिभ्रंश हा कोड्याचा आधार होता. येथे कोडे सुटल्यानंतरही तो शिल्लक राहतो.

कथानकाचे बीज थोडक्यात असे सांगता येईल. १९१७ च्या जानेवारीत सोम नदीच्या परिसरातील ‘बिंगो क्रेपुस्क्यूल’ नामक खंदकात पाच फ्रेंच सैनिकांना आणले जाते. युद्धातून सुटका व्हावी म्हणून स्वतःला जखमी करून घेतल्याचा आरोप ठेवून त्यांना देहान्तशिक्षा फर्मावलेली असते. त्यांना गोळ्या घालण्याऐवजी, हात बांधून, फ्रेंच आणि जर्मन खंदकांमधील निर्मनुष्य जमिनीवर ढकलून दिले जाते. त्यांतील सर्वांत लहान मानेक हा लांद प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका कोळ्याचा मुलगा. बालपणापासून पायांनी अधू असलेली माटिल्ड दोने ही त्याची वाग्दत्त वधू. या प्रसंगाचा साक्षी असलेला एक सार्जंट १९१९ मध्ये मरणशय्येवरून तिला ही हकीकत सांगतो, आणि तेथून तिचा शोध सुरू होतो.

शोधाची आवश्यकता कोठून निर्माण होते, हे पाहण्यासारखे आहे. सामान्य रहस्यकथेत गुन्हेगार सत्य दडवितो आणि शासनव्यवस्था ते उघडकीस आणते. येथे दडविणारी व्यवस्थाच आहे. पाचही कुटुंबांना मृत्यूचे जे वृत्त कळविले जाते, त्यात देहान्तशिक्षेचा उल्लेखही नसतो; दप्तरात ते शत्रूकडून मारले गेलेले वीर ठरतात. इतकेच नव्हे, तर शिक्षामाफीचा हुकूम निघालेला असूनही एका अधिकाऱ्याने तो वेळेवर पुढे जाऊ दिला नाही, असे पुढे उघड होते. या कल्पित घटनेमागे इतिहासाचा आधार आहे. १९१४ ते १९१८ या काळात शिस्तभंगाच्या आरोपांवरून फ्रेंच सैन्याने आपल्याच सहाशेंहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. तेव्हा रहस्यकथेचा घाट ही या कादंबरीत वरून घातलेली सजावट नव्हे. सरकारी कागद जेथे असत्य बोलतो, तेथे व्यक्तीने स्वतः तपास करणे हीच शोकाची एकमेव प्रामाणिक रीत उरते.

या तपासाची पद्धतीही घाटाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. माटिल्ड चाकांच्या खुर्चीला खिळलेली असल्यामुळे तिचा तपास मुख्यतः पत्रांतून, वृत्तपत्रांतील जाहिरातींतून आणि घरी आलेल्या माणसांच्या बोलण्यातून चालतो. हाती आलेला प्रत्येक कागद ती एका महोगनीच्या पेटीत ठेवते. वाचकाला निवेदकाकडून आयते सत्य मिळत नाही. त्यालाही ती पेटीच उपसावी लागते. प्रत्येक साक्षीदाराने त्या रविवारी रणभूमीचा एक तुकडा तेवढा पाहिलेला आहे. कोणी एकहाताने बर्फाचा माणूस उभारणाऱ्या मानेकला पाहिले, कोणी विमानातून झालेल्या गोळीबारात त्याला पडताना पाहिले. एका सैनिकाच्या पायांतील जर्मन बूट एका साक्षीतून दुसरीत फिरत राहतात आणि अखेर प्रश्न असा उरतो की, बूट ओळखले म्हणून माणूस ओळखला असे म्हणता येईल काय? मृतदेह पाच आणि दंडितही पाच. परंतु संख्या जुळली म्हणून माणसे जुळत नाहीत. एका शेतकरी सैनिकाच्या साध्या दिसणाऱ्या पत्रात लपलेला मजकूर माटिल्ड उलगडते, तेव्हा ती गुप्तहेराहून एखाद्या पाठचिकित्सकासारखी अधिक भासते. ओळपत्रांची अदलाबदल झाली, दुसऱ्याच्या नावाने दोघे जिवंत राहिले आणि त्यांतील एक मानेक होता, हे तथ्य अशा वाचनातूनच सिद्ध होते.

माटिल्डच्या शोधाशी समांतर असा दुसरा शोध लेखकाने योजला आहे. पाचांपैकी एकाची प्रेयसी तीना लोंबार्दी हीदेखील त्याच साक्षीदारांच्या मागावर असते. परंतु आपला प्रियकर मेला, याची खात्री पटल्यावर तिचा शोध सूडाचे रूप घेतो. जबाबदार अधिकाऱ्यांना ती एकामागून एक ठार करते आणि शेवटी तिला देहान्तशिक्षा होते. दोघींचे प्रेम सारखेच उत्कट आहे, आणि दोघींच्या हाती येणारी तथ्येही बहुतांशी तीच आहेत. फरक आहे तो तथ्याकडून काय मागावयाचे, याचा. तीना तथ्याकडून निकाल मागते. माटिल्ड शेवटपर्यंत माणूस मागते. तीनाच्या कथेत रहस्यकथेचा रूढ न्याय पूर्ण होतो, आणि तो किती रिता आहे हेही दिसते.

या कादंबरीविरुद्ध दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, सांकेतिक पत्र, ओळपत्रांची अदलाबदल आणि स्मृतिभ्रंश एवढी कृत्रिम साधने एकत्र आल्याने युद्धाची भीषणता कोड्याच्या चातुर्यात विरून जाते. या आक्षेपात तथ्यांश आहे. मधल्या काही प्रकरणांत वाचकाचे मन माणसांपेक्षा दुव्यांच्या जुळणीत गुंतते, हे नाकारता येणार नाही. मात्र स्मृतिभ्रंशाची कल्पना केवळ सोय म्हणून आलेली नाही. १९१८ च्या फेब्रुवारीत लियाँच्या स्थानकावर आढळलेला, अँतेल्म माँजँ या नावाने ओळखला गेलेला स्मृतिहीन सैनिक आपलाच पुत्र वा पती आहे, असा दावा अनेक कुटुंबांनी केला होता. झाँ आनुईच्या १९३७ मधील ‘सामानाविना प्रवासी’ या नाटकाची पार्श्वभूमीही तीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माटिल्डचे वडील धनाढ्य बांधकाम व्यावसायिक आहेत. वकील, खाजगी गुप्तहेर आणि जाहिराती यांचा खर्च तिला परवडतो. इतर सैनिकांच्या स्त्रिया तिच्या पत्रांना उत्तरे देतात. असा शोध घेण्याचे बळ त्यांच्यापाशी नाही. सत्य जाणण्याचा अधिकारही शेवटी संपत्तीवर अवलंबून राहतो, ही विषमता कादंबरीत दिसते, पण तिची बोच नायिकेला पुरेशी लागत नाही. माटिल्डचा हट्ट लेखकाला इतका प्रिय आहे की, त्या हट्टाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न त्याने अर्ध्यावर सोडला आहे.

तरीही शेवटाच्या बळावर कादंबरी या दोषांना पुरून उरते. माटिल्डला मानेक सापडतो. पण तो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आईचा मुलगा म्हणून जगत आहे, आणि त्याला काहीही आठवत नाही. बागेत तिला पाहून तो विचारतो की, तुला चालता येत नाही का? बालपणीच्या पहिल्या भेटीत त्याने हाच प्रश्न विचारला होता. कालिदासाच्या नाटकात अंगठी दिसताच दुष्यंताची स्मृती परतते. येथे या प्रश्नाला अंगठीचे स्थान मिळाले आहे, परंतु त्याचे कार्य उलट आहे. खूण ओळखते ती शोधणारी. ज्याच्याकडून खूण आली, त्याला ती खूण असल्याचे ठाऊकही नाही. अभिज्ञान एकाच बाजूने घडते. माटिल्ड त्याला काही सांगत नाही, काही सिद्ध करीत नाही; ती त्याच्याकडे पाहत राहते. कागदांची पेटी भरून पुरावा जमविणाऱ्या या स्त्रीने पुरावा बाजूला ठेवावा, यातच तिच्या शोधाची परिणती आहे.

या दृष्टीने प्रकरणांची रचना अर्थपूर्ण ठरते. पहिले प्रकरण ‘शनिवार संध्याकाळ’, अखेरचे ‘सोमवार सकाळ’. मधला एक रविवार अनेक वर्षे लांबला आहे. आणि मानेक सापडल्यानंतर येणारी सोमवारची सकाळ प्रेमिकांची नाही. ती १९१७ च्या त्या बर्फात उरलेल्या मृतांची आहे. माटिल्डला जे मिळाले, ते इतरांना मिळाले नाही, याचे स्मरण कादंबरी या एका मांडणीतून देते. दमयंतीला नल त्याच्या रूपासह परत मिळाला. माटिल्डला मिळाला तो परिचयाचा आरंभ. आणि ज्यांच्या नावाच्या चुकीच्या फळ्या थडग्यांवर लागल्या, त्यांच्या वाट्याला तोही आला नाही.