वधस्तंभाचा पुरावा आणि आपले उपदेश

उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन झाल्यावर सामरवरणीतील एखाद्या शाळकरी मुलाने “याला शुभवर्तमानाबाहेर पुरावा कोणता?” असे विचारले, तर उपदेशकाने काय सांगावे? श्रद्धा असली की पुरावा लागत नाही, हे एक उत्तर. पुरावे रग्गड आहेत, हे दुसरे. दोन्ही आळशी होत.

तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला, असे रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. ११६ च्या सुमारास लिहितो. तो ख्रिस्ती लोकांचा द्वेष्टा असल्याने या साक्षीस वजन आहे. परंतु माहिती कोठून मिळाली हे तो सांगत नाही. योसेफसचा उतारा (इ. स. ९३-९४) मात्र व्यासपीठावरून जसाच्या तसा वाचू नये. येशूला ख्रिस्त म्हणून कबूल करणारे त्यातील शब्द त्या यहूदी लेखकाचे असणे शक्य नाही. नकलकारांचा हात तेथे फिरला आहे. मूळ गाभा त्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९६१ साली कैसरियात सापडलेल्या शिलालेखात पिलाताचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ असा आहे, टॅसिटस म्हणतो तसा ‘प्रोक्युरेटर’ नव्हे. शुभवर्तमानातील ग्रीक शब्द मोघम आहे. आपल्या बायबलातील ‘सुभेदार’ही तसाच, म्हणून तो चुकत नाही!

खरा बोलका पुरावा हाडाचा आहे. १९६८ साली यरुशलेमजवळ एका दगडी अस्थिपेटीत योहानान नावाच्या माणसाच्या उजव्या टाचेचे हाड मिळाले. त्यात साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा खिळा रुतलेला होता. १९७० च्या पहिल्या अहवालात दोन्ही टाचांतून एकच खिळा गेल्याचे म्हटले होते. तेच चित्र अनेक प्रवचनांत शिरले. १९८५ च्या फेरतपासणीत ते टिकले नाही: खिळा एकाच टाचेतून गेला होता, आणि मनगटांवर खिळ्यांची खूण आढळली नाही. हे हाड येशूविषयी काहीच सिद्ध करीत नाही. तथापि वधस्तंभावर मेलेल्यास सन्मानाने पुरले जात नसे, म्हणून अरिमथाईकर योसेफाची कथा रचलेली, असा जो आक्षेप घेतला जातो, त्यास ते उत्तर देते. कारण योहानानच्या अस्थी कुटुंबाच्या कबरीत होत्या.

दिवसाबाबत मात्र प्रामाणिकपणे बोलावे. मार्कानुसार शेवटचे भोजन वल्हांडणाचे होते. योहानानुसार वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच येशूस वधस्तंभी दिले. मार्क तिसरा तास सांगतो, योहानात सहाव्या तासाच्या सुमारासही खटला चालूच आहे. हे जुळविण्याचे यत्न चतुर आहेत, पण मला ते पटले नाहीत. साक्षीदार घटनेवर एक आणि तपशिलावर भिन्न असतात, हे न्यायालयात बसलेल्या कोणासही ठाऊक आहे. क्रूसावर मेलेला मसीहा ही त्या काळी लाजेची गोष्ट, पौल इ. स. ५४ च्या सुमारास करिंथकरांस तेच लिहितो. अशी लाज कोणी आपण होऊन रचीत नाही.

आणि दुपारच्या अंधाराचा खुलासा सूर्यग्रहणाने करू नये. ग्रहण अमावास्येस लागते, वल्हांडण पौर्णिमेस येते. पंचांग पाहणाऱ्या आपल्या श्रोत्यांस हे आपल्याआधी कळेल.