निरामिष आमिष

मराठी गद्यात नद्या पुष्कळ आहेत, परंतु नदीत गळ टाकून बसलेला माणूस विरळाच; जो आहे तो बहुधा पोटासाठी बसलेला. छंद म्हणून मासा धरणारा आणि धरून पुन्हा पाण्यात सोडणारा माणूस आपल्या वाङ्मयाने जवळ केलेला दिसत नाही. इंग्रजीत मात्र आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील ग्रंथापासून नॉर्मन मॅक्लीनच्या १९७६ मधील 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'पर्यंत या छंदाची मोठी गद्यपरंपरा आहे. ती मराठीत आणू गेल्यास काय होईल, हा प्रश्न आम्हांला निव्वळ भाषांतराचा वाटत नाही.

पहिली अडचण गमतीची आहे. या छंदातील 'फ्लाय' म्हणजे पिसे, केस आणि दोरा आकड्यावर बांधून केलेला खोटा कीटक. त्याला 'माशी' म्हणावे, तर 'माशीने मासा धरला' असे वाक्य होते आणि गंभीर परिच्छेदात हशा पिकतो. तिगावसारख्या गावी, जिथे घरात मराठी आणि सरकारी कागदावर हिंदी, शब्दांची अशी ओढाताण नवी नाही. ती निभावून नेता येते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या शब्दांनी निकाल आधीच देऊन ठेवला आहे. 'गळाला लागणे' म्हणजे फसणे, 'आमिष दाखवणे' म्हणजे लोभात पाडणे. मासा लोभी आणि धरणारा कपटी, असे ठरल्यावर गोष्टीत उरते काय? वास्तविक आमिष म्हणजे मांस, आणि या पिसांच्या कीटकात मांसाचा कणही नसतो. निरामिष आमिषच म्हणायचे! ते इतके हलके की त्याला स्वतःचा भार नाही. हवेत लयीने फिरवलेल्या दोरीचा भारच त्याला पाण्यावर नेऊन ठेवतो.

उत्तर अमेरिकेतील नद्यांत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा पाण्यावर तरंगणाऱ्या अशा कीटकावर झेप घेतो. जेम्स हेन्शॉल याने १८८१ मध्ये बास माशांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या माशाचा नर वसंतात घरट्यातील अंडी व पिले राखतो, आणि त्या दिवसांत जवळ आलेल्या वस्तूवर तो भुकेपेक्षा राखणीसाठी तुटून पडतो. इथे 'आमिष' हा शब्द सरळसरळ खोटा ठरतो. आणि छंदाच्या नीतीचा खरा पेचही इथेच आहे: आपण लोभाला नव्हे, पितृत्वाला गळ लावतो. काही प्रांतांत या काळात मासेमारी बंद ठेवतात, ती उगीच नव्हे.

पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) या लघुकादंबरीचा 'एका कोळियाने' (१९६५) हा अनुवाद केला. शीर्षक मोठे चतुर आहे. जुन्या क्रमिक पुस्तकातील, पडून पुन्हा चढणारा कोळी त्यात डोकावतो. पण त्या कोळ्याबरोबर जाळेही येते, आणि सान्तियागोच्या हातात जाळे नाही, एकच दोरी आहे. तरीही मराठी वाचकाने त्याला आपला मानला, कारण तो पोटासाठी समुद्रावर गेला होता. मॅक्लीनच्या भावांना ही सवलत मिळणार नाही.

मात्र हा छंद आपल्याला परकाच होता, असे मानण्याचे कारण नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' सविस्तर सांगितला आहे: माशांचे प्रकार, त्यांना घालायचा चारा, गळाची दोरी. ज्या ग्रंथातून मराठीच्या आद्य पद्यरचनांचे नमुने आपण अभिमानाने दाखवतो, तो हाच. आपण गाणी उचलली, गळ तिथेच ठेवला. पुढे संतकवितेत मासा आला तो पाण्याबाहेर तळमळणारा. त्याची व्यथा कवीने आपली मानली. धरणाऱ्याच्या बाजूने लिहिणे मग अवघडच झाले, आणि ही अवघड जागा आम्हांला उणीव वाटत नाही.

म्हणून अनुवादकाने मासा झेपावतो त्या वाक्यात 'गळाला लागला' लिहू नये. 'मासा वर आला' एवढेच लिहावे. दोरी ताणली जाते ती पुढच्या वाक्यात.