कडी, किल्ली आणि कलम

चोरी नेमकी कोणत्या क्षणी घडते, हे १८६०च्या भारतीय दंड संहितेने किती नजाकतीने टिपले आहे पाहा. ३७८व्या कलमाखालच्या एका दृष्टान्तात कुणीतरी दुसऱ्याच्या कुत्र्याला भुलवण्यासाठी खिशात आमिष ठेवतो. ते मुके जनावर त्याच्या मागोमाग चालू लागले, की त्याच क्षणी चोरी पुरी झाली. वस्तू लबाडीने जागची हलली पाहिजे. म्हणून तिथे आपली नजर वस्तूवर खिळलेली असते. ४४५व्या कलमाशी, म्हणजे घरफोडीपाशी, आलो की तीच नजर भिंतीवर, कडीवर, कुलपावर जाऊन ठरते.

या कलमाखालचे आठ दृष्टान्त सावकाश चाखावेत असे आहेत. पहिल्यात वाईट हेतूने भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला जातो. मृच्छकटिक नाटकातला चोर शर्विलक जानव्याने माप घेऊन भिंत फोडतो आणि भगदाडातून सबंध आत शिरतो. कायद्याला मात्र तो हातच पुरेसा आहे. घरातली वाटीही हललेली नसते, तरी घरफोडी झालेली असते! दुसऱ्या एका दृष्टान्तात दाराच्या छिद्रातून तार घालून कडी उचलली जाते. उघड्या दारातून शिरून भांडे उचलणाऱ्याची ती घरातली चोरी. लावलेली कडी चोरीसाठी उचलली गेली, की गुन्ह्याची जातच बदलते.

सर्वांत तरल दृष्टान्त किल्लीचा. घरमालकाची हरवलेली किल्ली कुणाला तरी सापडते आणि तो तिनेच कुलूप उघडून आत जातो. काही फुटत नाही, मोडत नाही, वाजतसुद्धा नाही. तरी ही घरफोडीच. इथे आपल्याला उमगते, की या कलमात फुटते ती भिंत नव्हे, दार लावून घेताना गृहस्थाने बाळगलेली निश्चिंती. म्हणूनच आत शिरण्याइतकीच बाहेर पडण्याची वाटही कलमाने जोखली आहे: गुन्ह्यासाठी घरात आलेला माणूस लावलेली कडी काढून निसटला, तरी तो घरफोड्याच.

आता शिक्षांची चढण पाहू. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, राहत्या घरातल्या चोरीला सात, चोरीसाठी केलेल्या घरफोडीला दहा. आणि तीच सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी केली तर चौदा. दंड संहितेत यांतल्या एकाही पायरीवर मालाची किंमत विचारलेली नव्हती. अंधार पडला, की निजलेल्या माणसाची असहायता वाढते, आणि तेवढ्यासाठी कायदा चार वर्षे अधिक मोजतो. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले. पण ही चढण तशीच राहिली. चोराने काय नेले याआधी त्याने कुणाची झोप मोडली हे विचारणारा कायदा रूक्ष कसा म्हणावा?