चिंध्यांखालचा मिमिक्यू

गेम खेळणाऱ्या माणसाला भेट काय द्यायची, हा प्रश्न हल्ली बरेच जण एकाच उत्तराने मिटवतात: त्याच्या आवडत्या गेममधल्या पात्राचं सॉफ्ट टॉय. उत्तर वाईट नाही. पण निवडताना आपण पात्र किती प्रसिद्ध आहे ते बघतो, किंमत बघतो आणि कार्टमध्ये टाकून मोकळे होतो. त्या माणसाने त्या पात्राबरोबर गेममध्ये काय केलं, हे बघायचं राहून जातं.

माझं म्हणणं असं, की असं प्रत्येक सॉफ्ट टॉय हे त्या पात्राचं एक वाचन असतं. बनवणाऱ्याने पात्रातलं काय ठेवलं, काय गाळलं आणि काय उगाच गोड करून टाकलं, यावर ते वाचन बरं की वाईट ते ठरतं. आणि ते विकत घेणारा, त्याच्या ध्यानीमनी नसलं तरी, समीक्षकाचंच काम करत असतो.

एवढं मनावर घ्यायचं कारण आहे. कादंबरीत बुडालेल्या मुलीला घरात कुणी हटकत नाही. गेममध्ये बुडालेली मुलगी मात्र ‘वेळ वाया घालवते’. तिच्या त्या तासांबद्दल तिला कधी कुणी काही विचारत नाही. अशा वेळी नेमकं पात्र हातात पडलं, तर कुणीतरी आपल्याकडे नीट पाहिलंय असं तिला वाटतं. भलतंच पडलं, तर ‘तू ते पोकेमॉनचं काहीतरी खेळतेस ना’ एवढाच निरोप पोहोचतो.

सोप्या खेळण्यापासून सुरुवात करू. कर्बी १९९२ साली जपानमध्ये गेम बॉयवर आला. मासाहिरो साकुराई हा गेम बनवत होता, तेव्हा खरं पात्र तयार होईपर्यंत जागा अडवायला म्हणून त्याने एक साधा गोळा टाकला होता. पुढे तो गोळाच आवडला आणि राहिला. आम्ही कोड लिहिताना ‘नंतर बदलू’ म्हणून काहीतरी टाकतो आणि तेच वर्षानुवर्षं चालतं, तसंच हे. कर्बी मुळातच गोल आणि फुगणारा, त्यामुळे कापूस भरताना त्यातलं काहीच हरवत नाही. पण म्हणूनच ते टॉय गेमबद्दल फारसं काही सांगतही नाही. ज्याने गेम खेळलाय आणि ज्याने नाही, दोघांच्याही उशाशी ते सारखंच शोभतं. समोरच्याची आवड माहीत नसेल तर कर्बी द्यावा. माहीत असेल तर तो आळस ठरतो.

दुसरं खेळणं याच्या उलट. २००७ च्या ‘पोर्टल’ या अमेरिकन गेममध्ये एक जड चौकोनी ठोकळा आहे, कम्पॅनियन क्यूब. गेम तपासून बघायला बसवलेले लोक एका लेव्हलमध्ये गरजेचा ठोकळा मागेच विसरून पुढे जायचे. व्हॉल्व्हच्या टीमने त्यावर गुलाबी बदाम काढले आणि गेममधल्या संगणकाच्या तोंडी त्याचं कौतुक घातलं. लोक ठोकळा जपायला लागले. मग लेव्हलच्या शेवटी दार उघडायचं तर तोच ठोकळा भट्टीत टाकायचा, अशी अट घातली. माया किती स्वस्तात तयार करता येते, आणि ती वापरून माणसाला कसं वाकवता येतं, यावरचा हा बोचरा विनोद आहे.

पुढे कंपनीने त्याच ठोकळ्याचं सॉफ्ट टॉय विकायला काढलं. हे वाचन मला खटकतं. जाणारं जडपण एक वेळ सोडा, पण भट्टीही जाते आणि उरतात फक्त बदाम. ज्या युक्तीची गेमने टर उडवली, तीच युक्ती आता दुकानात मांडलेली असते. तरीही एका माणसाला मी हा ठोकळा आनंदाने देईन: जो भट्टीसमोर दोन मिनिटं थांबून दुसरा मार्ग शोधत राहिला होता. त्याच्या हातात तो न जळालेला ठोकळा म्हणून पडेल.

तिसरं खेळणं मिमिक्यू. माझ्या मामेबहिणीच्या वाढदिवसासाठी मी शोधत होतो ते हेच. ती स्विचवर ‘पोकेमॉन सोर्ड’ खेळते आणि तिच्या टीममधून बाकी सगळे बदलले तरी हा कधी बाहेर गेला नाही.

मिमिक्यू २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’ या गेममध्ये पहिल्यांदा आला. त्याचं खरं रूप भयंकर आहे, ते पाहून एक अभ्यासक मेला अशी गेममध्ये नोंद आहे. पण त्याला लोकांच्या जवळ जायचंय. लोकांना पिकाचू आवडतो हे बघून तो जुन्या फडक्याचा पिकाचू करून स्वतःवर पांघरतो. ओस पडलेल्या एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत तो भेटतो, तिथल्या भिंतींवर पिकाचूचीच चित्रं. लढाईत पहिला फटका ते सोंग झेलतं आणि त्याची मान लटकते.

म्हणजे गेममध्येच तो एका खेळण्याची नक्कल आहे. त्याचं सॉफ्ट टॉय बनवताना काहीच मऊ करावं लागत नाही, कारण पात्र आधीच फडक्याचं आहे. आपल्याकडच्या चिंध्यांच्या बाहुलीच्या तो सर्वांत जवळचा. इथे कापड हाच पात्राचा अर्थ आहे.

म्हणूनच निवडताना बारकाईने बघावं लागतं. मान एका बाजूला कललेली हवी. चेहरा लहान मुलाने खडूने गिरवल्यासारखा वाकडातिकडा हवा. खाली पोटापाशी दोन छोटी भोकं हवीत, कारण खरे डोळे तिथून बघतात. काही स्वस्त नकलांमध्ये कापूस ठासून मान ताठ केलेली असते, चेहरा सरळ रेषेत भरलेला असतो. तो मिमिक्यू नव्हे, बिघडलेला पिकाचू झाला. ज्याला सफाईदार दिसणं जमत नाही त्याची ही गोष्ट, आणि शिवणाऱ्याने नेमकी सफाई केली.

मामी म्हणाली, ‘अरे, तो पिवळा गोड पिकाचू घे ना, हे काय फाटकं?’ तिचंही चूक नाही. दुकानात पिकाचूच जास्त गोजिरा दिसतो. पण सगळ्यांना पिकाचूच हवा असतो म्हणून तर मिमिक्यूला सोंग घ्यावं लागलं. जिने इतके महिने त्या सोंगाखालच्याला सोबत ठेवलं, तिला पिकाचू देणं म्हणजे तिचा गेम न वाचताच बंद करणं.

मान सर्वांत वाकडी असलेला मी मागवला.