सेक्टर नऊ, लेनिनग्राड

३१ डिसेंबरची संध्याकाळ. मॉस्कोतला झेन्या लुकाशिन नावाचा डॉक्टर दरवर्षीप्रमाणे मित्रांबरोबर सार्वजनिक हमामखान्यात जातो, झेपत नाही इतकी पितो, आणि तितक्याच प्यायलेल्या मित्रांच्या घोळामुळे लेनिनग्राडच्या विमानात जाऊन बसतो. उतरल्यावर आपण मॉस्कोतच आहोत अशा समजुतीत तो टॅक्सीवाल्याला घरचा पत्ता सांगतो: बिल्डर्स स्ट्रीट क्रमांक तीन, इमारत २५, फ्लॅट १२. लेनिनग्राडमध्येही या नावाचा रस्ता आहे. त्यावर तशीच इमारत, तसाच जिना, तसंच दार. किल्ली लागते. आतलं फर्निचरही जवळपास तेच. झेन्या पलंगावर आडवा होतो आणि थोड्या वेळानं त्या घरात खरोखर राहणारी नाद्या आत येते.

एल्दार रियाझानोवचा ‘द आयरनी ऑफ फेट’ हा दोन भागांचा, तीन तासांचा चित्रपट १ जानेवारी १९७६ला सोव्हिएत टीव्हीवर पहिल्यांदा लागला. तेव्हापासून रशियात तो नवीन वर्षाच्या सुमारास हमखास लागतो. आपल्याकडे सेट मॅक्सवर ‘सूर्यवंशम’ लागायचा तसाच, फक्त तिथे त्यावर मीम बनवण्याआधी लोक तो मनापासून बघतात. मोसफिल्मनं तो सबटायटल्ससकट यूट्यूबवर फुकट ठेवलाय, त्यामुळे तीन तास काढण्यापलीकडे काही खर्च नाही.

या चित्रपटाचा ठरलेला अर्थ असा: कम्युनिस्ट राजवटीनं सगळं इतकं एकसारखं करून टाकलं की माणसाला स्वतःचं घरसुद्धा ओळखू येईना. सुरुवातीची कार्टून फिल्म या अर्थाला बळ देते. एक आर्किटेक्ट छान सजवलेल्या इमारतीचा नकाशा घेऊन साहेबांकडून साहेबांकडे फिरतो, प्रत्येक सहीबरोबर एकेक बाल्कनी, एकेक खांब गळत जातो, शेवटी उरतो एक खोका. मग ते खोके पाय फुटल्यासारखे जगभर चालत सुटतात, वाळवंटात, बर्फात, समुद्रकिनारी. हे बघून हसू येतंच. पण नवी मुंबईत बसून हा चित्रपट पाहिला की हा अर्थ अपुरा वाटायला लागतो, आणि माझ्या मते तो अपुराच आहे.

आपणही त्या खोक्यांमध्ये राहतो. सिडको १७ मार्च १९७०ला स्थापन झाली. ती कम्युनिस्ट नव्हती, महाराष्ट्र सरकारची कंपनी होती. पण एका सरकारी कंपनीनं जमीन ताब्यात घ्यायची, नकाशा काढायचा, घरं बांधायची आणि अर्ज मागवून ती वाटायची, हा प्रकार मॉस्कोच्या माणसाला समजावून सांगावा लागला नसता. वाशी, नेरूळ, बेलापूर इथली सुरुवातीची घरं बघा. बिनलिफ्टच्या चार-पाच मजली इमारती, ज्यांना नावसुद्धा नाही, ‘टाइप’ आहे. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मध्ये ‘जेएन वन’, ‘जेएन टू’ टाइपच्या इमारती आहेत. इथला पत्ता म्हणजे सेक्टर, इमारत नंबर, फ्लॅट नंबर. एकाच नंबरचा सेक्टर वाशीलाही असतो आणि नेरूळलाही. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर नऊ’ सांगून झोपी गेलात तर झेन्यासारखी वेळ यायला विमान लागत नाही.

तरीही या इमारतींत राहायला आलेल्यांनी एकसारखेपणाबद्दल रडगाणं गायल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. चाळीतली सामायिक मोरी आणि गॅलरीच्या टोकाचा संडास सोडून जो माणूस वाशीला आला, त्याला शेजारच्याचा संडास आपल्यासारखाच आहे याचं दुःख नव्हतं. स्वतःचा आहे याचं अप्रूप होतं. सोव्हिएत शहरांत चाळीच्या जागी ‘कोम्मुनाल्का’ होती: एका मोठ्या घरात प्रत्येक खोलीत एक कुटुंब, स्वयंपाकघर सामायिक, बाथरूमला रांग. १९५७ साली ख्रुश्चेव्हच्या सरकारनं घरबांधणीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला तो ही कोंडी फोडायला. झपाट्यानं बांधायचं तर साचा लागतो. चित्रपटात झेन्या आणि नाद्या दोघंही नुकतेच नव्या फ्लॅटमध्ये आलेत, सामान अजून लागायचंय. दोघंही तिशी ओलांडलेले, दोघंही आईबरोबर राहतात. यात घरटंचाईही दिसते आणि नवं घर मिळाल्याचा आनंदही दिसतो. खोक्यावरच्या विनोदाच्या खाली हा आनंद सबंध चित्रपटभर आहे, आणि ठरलेल्या अर्थात तो सुटून जातो.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे वस्तू. तीन तासांच्या या प्रेमकथेत वस्तूंनी जितकं काम केलंय तितकं संवादांनीही केलेलं नाही. नाद्याकडे नववर्षाला इपोलित येतो, तिचा होणारा नवरा. गाडी बाळगणारा, नीटनेटका, जरा ताठ. तो तिला खरं फ्रेंच अत्तर देतो, ‘क्लिमा’. ती त्याला नव्या मॉडेलचं इलेक्ट्रिक रेझर देते. इतक्यात पलंगावर झोपलेला परका पुरुष सापडतो आणि सगळं फिसकटतं. पुढे त्याच रेझरनं झेन्या आरामात दाढी करतो. प्रेमाचा त्रिकोण कुठल्या बाजूला कलला हे कळायला एवढं पुरतं.

हे अत्तर ‘विकत घेतलं’ असं त्या काळातला रशियन माणूस सहसा म्हणत नसे, ‘मिळवलं’ म्हणे. पैसे खिशात असत, माल दुकानात नसे. म्हणून ओळखी लागत, रांगा लागत, आणि खिशात कायम एक जाळीची पिशवी लागे. तिचं नावच ‘अवोस्का’, म्हणजे ‘मिळालंच चुकून तर’ची पिशवी. मराठीत यासाठी आपला वेगळा शब्दप्रयोग आहे, ‘नंबर लागला’. गॅसचा नंबर, टेलिफोनचा नंबर, बजाज स्कूटरचा नंबर. ज्यांचे आई-बाबा किंवा आजी-आजोबा ऐंशीच्या दशकात संसार करत होते त्यांनी घरी विचारून बघावं. फोन आला तो दिवस त्यांना मुलांच्या वाढदिवसासारखा लक्षात असतो.

चित्रपटातला एक छोटा प्रसंग मला फार आवडतो. झेन्या हे आपलंच घर असल्याचं शपथेवर सांगतोय, नाद्या त्याला हाकलू बघतेय, आणि भांडता भांडता दोघांचं पोलिश फर्निचर निघतं. किंमत एकच, ८३० रूबल. शिवाय दुकानदाराला वर किती चारले हेही निघतं आणि तो आकडा मात्र दोघांचा जरा वेगळा आहे. या वरच्या रकमेला आपल्याकडे ‘ऑन’ म्हणतात. सरकारनं घर, कुलूप, किंमत सगळं समान ठेवलं. कोणी किती ‘ऑन’ दिला एवढाच काय तो त्या दोन घरांतला फरक. टंचाईच्या अर्थव्यवस्थेवर याहून नेमका विनोद मला माहीत नाही, आणि तो सेन्सॉरच्या नाकाखालून सरकारी टीव्हीवर गेला.

ते पोलिश कपाट म्हणजे आपलं वॉल युनिट. ‘शोकेस’ म्हणूया, घरोघरी तेच म्हणत. काचेमागे न वापरायचा टी सेट, बाहुली, कुणीतरी परदेशातून आणलेली रिकामी बाटली. वस्तू दुर्मीळ असली की ती वापरायची नसते, दाखवायची असते. नववर्षाच्या टेबलावरही तेच दिसतं. शॅम्पेन, मासे घातलेलं जेलीसारखं थंड पक्वान्न, आणि ज्याला आपण ‘रशियन सॅलड’ म्हणतो ते त्यांचं ‘ऑलिव्हिए’. त्यात पडणाऱ्या डब्यातल्या वाटाण्यांची जमवाजमव कितीतरी आधीपासून चालायची. म्हणून शेवटाकडे इपोलित जेव्हा दारू पिऊन परत येतो आणि त्या माशाच्या पक्वान्नाला तोंडावर भिकार म्हणतो, तेव्हा नाद्याला ते नुसतं पाककलेवरचं मत वाटत नाही.

इथे माझं रियाझानोवशी भांडण आहे. इपोलितवर त्यानं अन्याय केलाय. हा एकटा माणूस काहीतरी मिळवून आणतो, वेळेवर येतो, गाडीतून सोडतो. झेन्या काय आणतो? गिटार वाजवतो, तीही नाद्याची. पण चित्रपटाचा कल उघड आहे: वस्तू आणणारा कोरडा, रिकाम्या हातांचा झेन्या मात्र जिवंत. सोव्हिएत बुद्धिजीवींची ही जुनी खोड. फ्रेंच अत्तर हवं असतं, पण ते हवं असणारा माणूस उथळ. इपोलितला त्यांनी ओव्हरकोट आणि फरच्या टोपीसकट शॉवरखाली उभं करून सोडलंय. तो प्रसंग हसवतो आणि घशात आवंढाही आणतो, हे नट यूरी याकोवलेव्हचं श्रेय, पटकथेचं नव्हे.

एका बाबतीत मात्र चित्रपट आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. खोके दाखवताना निवेदक आठवण करून देतो की मॉस्कोच्या कडेला चेऱ्योमुश्की नावाचं गाव होतं. आता प्रत्येक शहराला स्वतःचं चेऱ्योमुश्की आहे. गाव गेलं, नाव वसाहतीला लागलं. वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, नेरूळ, खारघर ही सगळी आधी गावं आहेत. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात, शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मारले गेले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या लढ्यातून. रियाझानोव एका वाक्यात गाव सांगतो आणि पुढे जातो. पण निदान सांगतो. आपल्या ‘प्लॅन्ड सिटी’च्या कौतुकाच्या रील्समध्ये तेवढंही नसतं. ‘वाशी’ आणि ‘वाशीगाव’ असे दोन शब्द का आहेत, हे इथे वाढलेल्या कितीकांना कधी विचारावंसं वाटलं असेल?

याच कथेवरून २०१५ साली हिंदीत ‘आय लव्ह न्यू इयर’ आला, सनी देओल आणि कंगना रनौत. शिकागोचा माणूस न्यूयॉर्कला पोचतो. कथा तीच, पण किल्ली लागली तरी काही वाटत नाही, कारण त्या शहरांत घरं सरकारनं वाटलेली नाहीत. किल्ली लागणं हा तिथे नुसता योगायोग उरतो. मूळ चित्रपटात तो योगायोग नाही, धोरण आहे! हा रिमेक कुणी खारघरच्या ‘स्पॅगेटी’ आणि ‘घरकुल’मध्ये केला असता तर निदान पटला असता. अर्थात आपल्याकडे किल्ली लागली नसतीच. ताबा मिळाल्यावर आपण आधी कुलूप बदलतो, मग सेफ्टी डोअर, मग ग्रिल, मग टाइल्स. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी घरं वाढवता येतील अशीच बांधली होती. लोकांनी ती सूचना इतकी मनावर घेतली की मूळ घर शोधावं लागतं.

पण खोक्यांचं प्रेमही खोटं नव्हतं. २०१७ साली मॉस्को महापालिकेनं ख्रुश्चेव्हच्या काळातल्या हजारो पाच मजली इमारती पाडायचं जाहीर केलं तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. ज्या घरांवर तीन पिढ्यांनी विनोद केले ती घरं, त्यांच्यामधली झाडं, तळमजल्यावरची ओळखीची माणसं त्यांना सोडायची नव्हती. वाशीत उलटं आहे. जेएन टाइपच्या घरांत प्लास्टर कोसळतं, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं पुनर्विकासाची वाट बघत आलेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त त्या जागी उभे राहणारे टॉवर साच्यातून निघालेले नसतात असं ज्याला वाटतं त्यानं पाम बीच रोडनं एकदा चक्कर मारावी. तिथेही खोकेच आहेत. नाद्या शिक्षिका आहे, झेन्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर. तीन तासांत दोघांपैकी कुणीही घरभाड्याचा किंवा हप्त्याचा विचार करत नाही. सिडकोच्या सोडतीचा अर्ज भरून लॉगिन पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या पंचवीस वर्षांच्या माणसाला या चित्रपटातली सगळ्यात अद्भुत गोष्ट हीच वाटेल, लागलेली किल्ली नव्हे.

२००७ साली या चित्रपटाचा पुढचा भाग आला, तिमूर बेकमाम्बेतोवनं दिग्दर्शित केलेला. झेन्याचा मुलगा, नाद्याची मुलगी, पुन्हा तोच पत्ता. सोव्हिएत संघ जाऊन सोळा वर्षं झाली होती. या भागात वस्तूंची टंचाई नाही, जाहिराती आहेत: मोबाइल कंपनी, मेयॉनीज, मोटारी, एकामागून एक, कथेत घुसवलेल्या. मेयॉनीज मिळवावं लागत नाही, ते तुमच्या डोळ्यांसमोर आणून ठेवतात. चित्रपट म्हणून तो सामान्य आहे. पण त्यात एक माहिती मिळते. पहिल्या भागाच्या शेवटी नाद्या मॉस्कोला येऊन आपल्या किल्लीनं झेन्याचं दार उघडते आणि आपण समजतो, जमलं. जमलं नव्हतं. ती लेनिनग्राडला परत गेली आणि तिनं इपोलितशी लग्न केलं.